ताईच्या होडीची अडलेली दोरी

धक्क्यावर त्याला लहानथोर सगळे दोरमामा म्हणत. खरा मामा तो एकाच मुलीचा होता, त्याच्या ताईच्या लेकीचा. पण अशी नावं एकदा कोणी सुरू केली की पसरतातच, आणि माणूस चिडला तर आणखी घट्ट बसतात. दोरमामा चिडला नाही. शिडाच्या होड्यांच्या दोऱ्या, तारा आणि कप्प्या हे त्याचं काम. डोलकाठीवर जे काही ताणलेलं किंवा लोंबत असेल ते सगळं त्याच्या अखत्यारीत. लाकडाला तो हात लावत नसे आणि इंजिनाकडे तर बघतही नसे. “ते खातं वेगळं,” असं म्हणायचा, जसं काही हाताखाली शंभर कारकून आहेत.

हाताखाली कोणीच नव्हतं. बोळाच्या टोकाला एक लांबट खोली, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर दोऱ्यांची वेटोळी, खिडकीशी एक बुटकं टेबल, त्यावर मेण, दाभण आणि कान तुटलेला चहाचा कप. या खोलीत बसून त्याने उभ्या धक्क्याचे गुंते सोडवले होते. कोणाचं शीड वर जाताना अडतंय, कोणाची तार रात्रभर शिट्ट्या मारतेय, कोणाची दोरी महिन्याभरात झिजून केसाळ होतेय, सगळे त्याच्याकडे यायचे. तो आधी शांतपणे ऐकून घ्यायचा. मग होडीवर जायचा, डोळे मिटायचा आणि दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता हात फिरवत जायचा. अडलेली दोरी जोर लावून ओढणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. “अडतंय तिथे कारण नसतं,” तो सांगायचा. “कारण कुठेतरी दुसरीकडे मजेत बसलेलं असतं.” आणि ते त्याला सापडायचंच. न सापडलेला दोष त्याच्या नावावर एकही नव्हता, आणि याचा त्याला गर्व होता. नाही असं तो म्हणायचा, पण होता.

अशा माणसाला सख्ख्या बहिणीच्या होडीतला दोष सापडेना, तेव्हा धक्क्यावर त्याची चर्चा तर होणारच.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा हा इतका लहान होता की त्याला आईचा चेहरा आठवत नाही. आठवते ती ताईच. तिनेच त्याला न्हाऊ घातलं, तिनेच बदडलं, आणि तिचं लग्न ठरलं तेव्हा हा तिच्या पाठवणीत इतका रडला की नवरदेवच घाबरला. ते भाऊजी. उंच, रुंद, हसरे आणि बोलायला अतिशय कंजूष. दोघा नवराबायकोची एक लाकडी होडी होती, दणकट आणि जड. वारा बरा असला की दोघं ती घेऊन बाहेर पडायची. भाऊजी सुकाणूवर, ताई पुढे डोलकाठीपाशी. गेल्या थंडीत भाऊजी गेले. समुद्राचा त्यात काही दोष नव्हता; घरी, अंथरुणात, आजाराने गेले.

ताईने काही महिने कसेबसे काढले आणि एके दिवशी भावाच्या स्वयंपाकघरात बसून जाहीर केलं, “मी लेकीकडे जाते राहायला. कायमची.”

लेक पलीकडच्या किनाऱ्यावर राहायची. मधे समुद्राचा चांगला रुंद पट्टा.

“जा की,” दोरमामा म्हणाला. आवाज मुद्दाम साधा ठेवला. “मोठ्या बोटीने सोडतो तुला.”

“मोठी बोट कशाला? माझी होडी आहे की.”

“एकटी?”

“मग काय, वरात काढू?”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ताईने एकदा मनावर घेतलं की भिंतीशी बोललेलं बरं. तिने हिशोबही नीट केला होता. सध्याचे दिवस मवाळ वाऱ्याचे. ते संपले की वारा फिरणार, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत तिच्या आकाराच्या होडीने तो पट्टा ओलांडायचं नाव काढायला नको. तेवढ्यात जायचं. अडचण फक्त एकच होती, आणि ती भावाच्या खात्यातली होती.

“रीफ घेता येत नाहीये रे,” ती म्हणाली. “दोरी अर्ध्यात अडते.”

वारा वाढला की पूर्ण शीड उघडं ठेवून चालत नाही, होडी कलायला लागते. मग शीड थोडं खाली सोडायचं आणि त्याच्या मागच्या कडेला असलेली कडी दोरीने ओढून बूमवर घट्ट बसवायची. बूम म्हणजे शिडाच्या तळाशी असलेली लांब आडवी दांडी. असं शीड आखडून लहान केलं की होडी पुन्हा शहाण्यासारखी चालते. याला रीफ घेणं म्हणतात, आणि ते ज्याला येत नाही त्याने एकट्याने समुद्रात जाऊ नये. ताईला ते उत्तम यायचं. आयुष्यभर डोलकाठीपाशी उभी राहून ही दोरी तिनेच ओढली होती. पण हल्ली सरावाला एकटी बाहेर पडली की दोरी निम्मी यायची आणि हटून बसायची. शीड फडफडत राहायचं, आणि ताई इंजिन लावून, तोंड पाडून परत यायची.

“उद्या बघतो,” दोरमामा म्हणाला. “काही मोठं नसणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईच्या होडीवर चढला. ताई घरी आवराआवर करत होती. त्याने डोळे मिटून हात फिरवायला सुरुवात केली. दोरी चांगली होती, झिजलेली नव्हती. कप्प्या फिरत होत्या. बूमच्या आतून जाणाऱ्या दोऱ्यांना पीळ पडला असेल म्हणून त्याने पाहिलं, त्याही सरळ. मग तो बूमच्या मागच्या टोकापाशी आला, वर पाहिलं आणि तिथेच थांबला. टोकावर डोलकाठीच्या शेंड्यापासून खाली येणारी एक दोरी असायला हवी होती. त्याच्या भाषेत तोलदोरी. शीड खाली सोडलं की बूमचं सगळं वजन शिडाला लटकतं. ते वजन तोलून धरायला ही दोरी. ती नसेल तर रीफ ओढणारा माणूस शीड ओढत नसतो, ती अख्खी जड दांडी उचलत असतो. तोलदोरीची कडी जागेवर होती, गंजलेली. दोरी नव्हती. कित्येक वर्षांपासून नसावी. शिडाच्या शिवणीला घासते म्हणून पुष्कळ लोक ती काढून टाकतात.

मग इतकी वर्षं यांचं चाललं कसं, असा विचार करत त्याने बूमच्या खालच्या बाजूने हात फिरवला. टोकापासून थोडं अलीकडे, वीतभर जागेत, रोगणाचा पत्ता नव्हता. तिथलं लाकूड उघडं, गुळगुळीत आणि किंचित खोलगट झालेलं. तो सुकाणूपाशी उभा राहिला तेव्हा ती जागा त्याच्या कपाळाशी आली. भाऊजींच्या ती बरोबर खांद्यावर आली असती.

म्हणजे तोलदोरीची जागा भाऊजींच्या खांद्याने घेतली होती. ताई पुढे, डोलकाठीकडे तोंड करून दोरी ओढायची. भाऊजी मागे उठायचे, बूमखाली खांदा द्यायचे आणि वजन उचलून धरायचे. ताईची त्यांच्याकडे पाठ असायची. दोरी सुळकन यायची.

दोष सापडला होता, आणि चहा निवायच्या आत सापडला होता. नवीन तोलदोरी लावणं म्हणजे सकाळचं काम. त्यानंतर ताई मोकळी होती.

दोरमामा होडीच्या कडेवर बसून राहिला. पाणी संथ होतं. समोरच्या होडीवर कोणीतरी फडकं वाळत घालत होतं. ताई कधी एकदा जाते असं त्याला वाटत नव्हतं, हे उघडच आहे. ती जाऊच नये असं वाटत होतं. वाटेत वारा भडकला तर काय, ही भीती खरी होती. पण तिच्यामागे दुसरी गोष्ट दडली होती, आणि ती ओळखण्याइतका तो स्वतःशी प्रामाणिक होता. म्हाताऱ्या वयात त्याला पुन्हा एकदा पोरकं व्हायचं नव्हतं.

संध्याकाळी ताईने विचारलं, “सापडलं का?”

“बघतोय,” तो म्हणाला.

झालं. एकदा ‘बघतोय’ म्हटलं की बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या कप्प्या उतरवल्या, धुतल्या, तेल घालून परत बसवल्या. नंतर विंच उघडलं, म्हणजे दोरी आवळायचं ते दातेरी चाक, आणि त्याच्या चकत्या फडक्यावर ओळीने मांडून इतका गंभीर चेहरा केला की बघणाऱ्याला वाटावं आता शस्त्रक्रिया होणार. मग दोरीच बदलली. मग बदललेली दोरी जाड वाटते म्हणून पुन्हा जुनी घातली. एके दिवशी लाकडी फळीच्या झोपाळ्यात बसून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत गेला आणि तिथे उगाचच बराच वेळ वारा खात बसला. ताई खालून ओरडली, “काय दिसतंय?”

“इथून तुझं घर दिसतंय.”

“घरात बिघाड नाहीये!”

आणि रोज संध्याकाळी ताई दोरी ओढून बघायची, रोज ती अर्ध्यात अडायची, आणि दोरमामा मान हलवून म्हणायचा, “चमत्कारिक आहे खरं.”

शिडं शिवणारा शिंपी त्याचा जुना मित्र. त्याला तर पर्वणीच मिळाली. बोळातून जाताना खिडकीत डोकं घालून विचारायचा, “काय मामा, सापडलं? की तुमच्यासाठी कोणी जाणकार बोलवू?” दोरमामा हसून सोडून द्यायचा. ज्या माणसाला कामाचा एवढा गर्व होता त्याने तोही गिळला. बहिणीसाठी त्याने आपली अब्रू पणाला लावली असं म्हणता आलं असतं. मात्र ते बहिणीसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, आणि म्हणून त्याला रात्री जेवण गोड लागत नव्हतं.

गंमत अशी की हात गप्प बसत नाहीत. फसवाफसवी सुरू केली त्याच दिवशी दुपारी खोलीत बसून त्याने नवीन तोलदोरी बनवून ठेवली होती. बरोबर लांबीची, टोकाला सुबक गुंफलेला फास, शिवणीला घासू नये म्हणून वर मऊ कातड्याचं आवरण. ती त्याने अवजारांच्या पिशवीत तळाशी ठेवली. रोज ती पिशवीबरोबर होडीवर जायची आणि रोज परत यायची.

हे बायकोच्या नजरेत आलं. बायकोच्या नजरेतून काही सुटायचं नाही, फक्त ती ते योग्य वेळेपर्यंत राखून ठेवायची.

“अहो,” ताट वाढताना ती म्हणाली, “पिशवीत तळाशी ती दोरी कोणाची हो?”

“असंच. एका गिऱ्हाइकाची.”

“बरं.” तिने भाजी वाढली. “गिऱ्हाइकाला फार ताटकळत ठेवू नये. वारा फिरायला आला.”

त्याने मान खाली घालून जेवण उरकलं.

वारा खरोखरच फिरायला आला होता. पहाटे दक्षिणेकडून झुळूक यायला लागली होती, आणि धक्क्यावरच्या जाणत्यांनी होड्यांना जादा दोर बांधायला सुरुवात केली होती. आणखी थोडे दिवस कळ काढली असती तर काम फत्ते होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं ‘बघतोय’ पुरलं असतं.

पण ताईने आधीच हात टेकले.

तो सकाळी तिच्याकडे गेला तेव्हा ती बांधलेल्या खोक्यांतली भांडी पुन्हा काढून फळीवर लावत होती. घरात ओल्या कागदाचा वास येत होता. ती वळली नाही.

“शिंप्याला सांगितलंय मी,” ती म्हणाली. “त्याच्या जावयाला होडी हवी होती. देऊन टाकते.”

“अगं, पण...”

“पण काय? तू कप्प्या बघितल्यास, दोरी बघितलीस, विंच बघितलंस. तुला सापडलं नाही म्हणजे होडीत काही नाहीच.” तिने एक पातेलं पालथं घातलं आणि दोन्ही हात समोर धरून बघितले. तिच्या तळव्यांवर दोरीचे ताजे वळ होते, लालभडक. अडलेली दोरी ती रोज जीव खाऊन ओढत होती. “म्हणजे हातातच काही उरलं नाही. तुझे भाऊजीच म्हणायचे, तुझ्या हातात बैलाची ताकद आहे म्हणून. गेली ती. मी म्हातारी झाले, एवढं साधं आहे, आणि मी तुला उगीच कामाला लावलं.”

त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती राहणार होती. दोन बोळ पलीकडे, हाकेच्या अंतरावर, मरेपर्यंत. दोरमामा दारात उभा राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“ताई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही,” तो म्हणाला.

“राहू दे. समजूत घालू नकोस.”

“समजूत नाही. बूमला तोलदोरी नाहीये. वजन तुझ्यावर येतंय. कोणालाही ओढता येणार नाही ते, मलासुद्धा.”

ताई आता वळली. “तोलदोरी तर कधीची नाही. यांनीच काढून टाकली होती, शिवण उसवते म्हणून. तेव्हा कसं जमत होतं मग?”

“भाऊजी मागून उचलून धरायचे. खांद्याने. बूमखाली जागा पडलीय त्यांच्या खांद्याची.”

ती स्टुलावर बसली. बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचा खडखडाट बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आला.

“उजवा खांदा,” ती शेवटी म्हणाली. “सगळे सदरे उजव्या खांद्यावर विरायचे. मी ठिगळं लावून थकले. विचारलं तर म्हणायचे, कापडच वाईट येतं हल्ली.” ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे भरून वाहायला लागले, आणि तिने ते पुसले नाहीत. “आणि मी रीफ घेतली की मागून ओरडायचे, वा! काय हात आहेत! लबाड माणूस. मी त्याच तोऱ्यात जन्म काढला रे.”

दोरमामालाही हसू आलं. क्षणभर वाटलं, सुटलो.

मग ताईने विचारलं, “तुला कधी कळलं?”

खोटं बोलणं सोपं होतं. काल, आज सकाळी, काहीही म्हणता आलं असतं.

“पहिल्याच दिवशी,” तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी चोरी पकडल्यावर ती अशी बघायची, पण तेव्हा पुढे धपाटा असायचा आणि प्रकरण मिटायचं. आता धपाटा नव्हता. ती आपले लाल तळवे बघत राहिली.

“का रे?”

“तू जाशील म्हणून.”

नंतर ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

“त्यांनीही मला सांगितलं नाही, तूही नाही सांगितलंस,” ती म्हणाली. “पण ते उचलत होते रे.”

त्याने पिशवी खाली ठेवली, तळातून तोलदोरी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. ताईने ती उलगडली, फासाच्या गुंफणीवर अंगठा फिरवला, कातड्याचं आवरण बघितलं. काम चोख होतं. ही दोरी काही आत्ता बनवलेली नाही, हे तिला कळलंच असणार. ती त्याबद्दल बोलली नाही.

“लाव चल,” एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत दोरी लागली, आणि दोघं होडी घेऊन बाहेर पडली. खाडीच्या तोंडापाशी वारा चांगला भरून आला. होडी कलली, शीड ताणलं. ताईने सुकाणू एका दोरीने बांधून ठेवलं, तोलदोरी ओढून बूम उचललं आणि तिचा फेरा खुंटीला आवळला. दोरमामा मागे बसला होता. सवयीने, किंवा प्रायश्चित्त म्हणून, तो अर्धवट उठला आणि त्याचा हात बूमकडे गेला.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली. “खाली बस.”

तो बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

ताई पुढे डोलकाठीपाशी गेली, शीड थोडं खाली सोडलं आणि रीफची दोरी हातात घेतली. ती सरळ आली, अजिबात न अडता. कडी खाली उतरली, बूमवर येऊन टेकली, शीड लहान झालं आणि होडी अलगद सरळ झाली. दोरमामाचा श्वास मोकळा झाला. ऐन वेळी दोरी अडावी अशी इच्छा मनात कुठे उरली आहे का, हे तो तपासत होता, आणि ती उरली नव्हती. ताईने दोरी खुंटीला गुंडाळली. मग ती मागे वळली.

इतक्या वर्षांत रीफ घेतल्यावर तिने कधी मागे वळून बघितलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. आता ती डोलकाठीला धरून उभी राहिली आणि बूमच्या टोकाखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. भाऊ तिथून जरा बाजूला बसला होता. तो तिला दिसत नव्हता, आणि ते त्याला समजत होतं.

“कधी निघतेस?” त्याने विचारलं.

“उद्या,” ती म्हणाली. “वारा आहे तोवर.”

“बरं,” दोरमामा म्हणाला. त्याला रडू आलं, आणि करायला काहीही काम उरलं नव्हतं. तो तसाच बसून रडला, आणि ताईने पुढून येऊन त्याच्या शेजारी बसून सुकाणू हातात घेतलं.